गुंतामामांवरची एकमेव तक्रार

गुंतामामांना एकटी उभी असलेली गाडी पाहवत नसे. खामगावच्या आमच्या कॉलेजात ते गाड्यांचं स्टँड सांभाळत. सकाळी फाटकाशी उभे राहून येणारी प्रत्येक स्कूटी, मोटरसायकल, सायकल ते स्वतःच्या हाताने लावत. लावत म्हणजे गुंतवत. हँडलमध्ये हँडल, एकीच्या मागच्या चाकाला दुसरीचं पुढचं चाक, आणि तिसरी त्या दोघींना आडवी. मग म्हणत, "हँडल लॉक कर आन् चावी घेऊन जाय." असा चार-पाच गाड्यांचा एक गठ्ठा तयार होई. त्यातली कुठलीही एक काढायची तर बाकीच्यांचे मालक शोधून आणावे लागत. जागा कमी होती म्हणावं तर तसंही नव्हतं. स्टँडचा अर्धा भाग कायम रिकामा असे आणि तिथे मामांच्या ओळखीच्या दोन शेळ्या बसत.

मामा कुणाला नावाने हाक मारत नसत. आडनावाने तर नाहीच. नव्या मुलाला त्यांचा एकच प्रश्न असे, "गाव कोनतं?" पुढची तीन वर्षं तो मुलगा गावाच्या नावाने ओळखला जाई. "ए अमडापूर, तुही गाडी घे मांगं, वडनेर भोलजी येऊन राह्यलं," असं ऐकून नव्या माणसाला वाटे की गावंच चाकं लावून फिरताहेत. एकदा एका सरांनी त्यांना विचारलं, "मामा, आडनाव का नाही विचारत? लक्षात ठेवायला सोपं जाईल." मामा म्हणाले, "सर, आडनाव इचारलं का पोरगं पह्यले मले वरून खालपर्यंत पाह्यते, मंग सांगते. गाव इचारलं का लगेच सांगते."

माझी मात्र पंचाईत झाली. वडील बँकेत, दर तीन वर्षांनी नवं शहर, नवी इंग्रजी शाळा. मराठी मला येत होती, पण ती घरात जेवताना वापरायची. बाहेर मी शक्यतो काहीच वापरत नसे. मामांनी गाव विचारल्यावर मी मनातल्या मनात शहरं मोजली आणि शेवटी म्हणाले, "आमची बदली झालीय."

मामांनी माझी पांढरी स्कूटी हातात घेतली. "बरं. तू बदली," ते म्हणाले, आणि ती अमडापूर आणि वडनेर भोलजीच्या मध्ये नेऊन अडकवली.

पहिल्या दिवशी मी दुपारी एक वाजता स्टँडवर आले आणि सव्वादोनला घरी निघाले. मधला वेळ मी उभी होते. अमडापूर कोण आणि वडनेर भोलजी कोण हे विचारायला मामांशी बोलावं लागलं असतं, आणि मग त्यांना शोधून त्यांच्याशी. त्यापेक्षा उभं राहणं सोपं होतं. घरी येऊन मी तक्रार लिहिली. शाळेत अर्जाचा नमुना पाठ करून घेतला होता, त्याबरहुकूम: इंग्रजीत, समास सोडून, खाली 'आपली आज्ञाधारक' आणि हजेरी क्रमांकासकट पूर्ण नाव. मजकुराचा सारांश एवढाच, की स्वतःचं वाहन काढण्यासाठी मला अनोळखी व्यक्तींशी बोलावं लागतं, तरी योग्य ती कारवाई व्हावी. ऑफिसबाहेर तक्रारपेटी होती. तिची फट गंजली होती, म्हणून तक्रार पेनाने ढकलून आत सारली. पुढे काहीच झालं नाही. मी रोज उभी राहू लागले.

चौथ्या दिवशी एक मुलगी तरातरा आली. "ओ मॅडम, तू रोज इथं उभी राहून काय पाह्यतेस? मायी गाडी हाय ना ही. हाक मारता नाही येत?"

"सॉरी, मला तुमचं नाव माहीत नव्हतं."

"तुमचं? मी काय तुही मावशी हाव?" ही अमडापूर, म्हणजे रुखसार. खामगावात खोली करून राहायची. तिचे वडील गाद्या भरतात आणि ती स्वतः कुणाचंही डोकं रिकामं करते. तिने तिथूनच वरच्या मजल्याकडे तोंड करून आरोळी ठोकली, "ए वडनेऽऽर! तुही फटफटी काढ बे! ही पोरगी इंग्लिशमदी वाट पाहून राह्यली!" वडनेर भोलजी, म्हणजे वैभव, जिन्यावरून धावत आला. शेतीवरचा मुलगा, त्याच्या गाडीला सदैव कडब्याचे तुकडे चिकटलेले. त्या दिवशी मी पाच मिनिटांत निघू शकले असते. पण रुखसारने आधी माझा डबा उघडला आणि त्यातलं सँडविच पाहून मला आजारी समजली. निघेपर्यंत दोन वाजले.

दोन महिन्यांत मी आरोळी मारायला शिकले. म्हणजे माझ्या परीने. रुखसार त्याला खोकला म्हणायची.

मामा कुठली गाडी कुठे अडकवायची याचा फार विचार करत. मोबाईलवरच्या स्टेटसवरून भांडण होऊन दोन मुलांनी बोलणं टाकलं, आणि त्यांच्यामागे त्यांच्या दोन गल्ल्यांनी. मामांनी त्या दोघांच्या मोटरसायकली पंधरा दिवस हँडलात हँडल घालून ठेवल्या. एक म्हणायचा "काढ", दुसरा म्हणायचा "काढली". बास. मामा खूश. "दोन शबूद झाले ना," म्हणायचे. दहाव्या दिवशी एकाच्या चाकातली हवा गेली आणि दुसऱ्याला पंप आणावाच लागला, कारण त्याशिवाय त्याची स्वतःचीही गाडी हलत नव्हती. हवा मामांनी सोडली असा दोघांनाही संशय होता. त्यावर चर्चा करायला ते एकत्र बसू लागले.

जलंबचा एक मुलगा अपघातानंतर पायाने अधू झाला होता. त्याच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं होती. कॉलेजने नियमाप्रमाणे त्याच्यासाठी ऑफिसमागे निळी पाटी लावून जागा राखून ठेवली होती. आठवडाभर तो तिथे गाडी लावत राहिला आणि मग मामांना म्हणाला, "मामा, तिथं मी एकटाच असतो." मामांनी त्याला उचलून, म्हणजे त्याच्या गाडीला, थेट स्टँडच्या तोंडाशी आणलं. आता त्याची गाडी हलल्याशिवाय दोनशेपैकी एकही गाडी बाहेर पडेना. दुपारी सगळं कॉलेज "जलंब कुठंय? जलंबले पाह्यलं का?" करत फिरे. तो कँटीनमध्ये बसून सांगे, "चहा पिऊ द्या बे." वर्गप्रतिनिधी निवडायची वेळ आली तेव्हा पोरांना दुसरं नावच आठवेना.

पोरांना एकमेकांत मिसळवण्याच्या या कामासाठी कॉलेजात एक अधिकृत कक्षही होता. त्याचं नाव एवढं लांब होतं की फलक दोन दारांवर लावावा लागला होता. त्याच्या प्रमुख मॅडम सरळ मनाच्या होत्या, पण त्यांना फोटो लागत. आमच्या दुसऱ्या वर्षी कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार असं ठरलं आणि मॅडमनी विविधतेचा फोटो काढायला घेतला. जीन्स-कुर्त्यात फिरणाऱ्या रुखसारला बुरखा आणायला सांगितला. "अम्मीचा हाय मॅडम, पन थो मले टोंगळ्यापर्यंतच येते," ती गुडघ्याला हात लावून म्हणाली. वैभवला फेटा बांधला. मला काय करावं हे मॅडमना सुचेना. शेवटी एक जाड इंग्रजी पुस्तक हातात दिलं. तो फोटो अजून ऑफिसात आहे. आम्ही तिघं कधीच भेटलो नसल्यासारखे दिसतो.

मग मोठ्या बाबूंना, म्हणजे ऑफिसच्या मुख्य क्लार्कना, शोध लागला की समितीला तक्रार निवारणाची फाईलही दाखवायची असते, आणि आपल्याकडे तक्रारच नाही. तक्रारपेटीची किल्ली हरवलेली. हातोड्याने पेटी फोडली. आत पालीची अंडी, एक चॉकलेटचा कागद आणि माझा अर्ज निघाला. मोठे बाबू अर्ज उंच धरून व्हरांड्यातून पळत गेले. "सापडली! सर, सापडली! नाव-नंबर सगळं हाय!" प्राचार्यांनी मला बोलावून चक्क अभिनंदन केलं.

आता तक्रार होती म्हणजे निवारण करणं आलं. स्टँडवर पांढऱ्या पट्ट्या मारायचं ठरलं, प्रत्येक गाडीला एक खाना. शेळ्यांना हाकललं. आणि पट्ट्या असताना माणूस कशाला, म्हणून मामांचं काम महिनाअखेरीला बंद करायचं ठरलं. राहिली फक्त माझी सही. फाईलच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं: 'माझ्या तक्रारीचे समाधान झाले आहे.'

मी सही केली नाही. बोलून नकार देण्याएवढी हिंमत नव्हती, म्हणून लपले. मोठे बाबू फाईल घेऊन कॉलेजभर माझ्यामागे फिरू लागले. वाचनालयात, प्रयोगशाळेत, एकदा तर मुलींच्या खोलीच्या दारातून त्यांचा आवाज आला, "ताई, समाधान करा ना लवकर! समिती गुरुवारी येऊन राह्यली!"

बुधवारी मी स्टँडवर गेले. मामा एका सायकलीत दुसरी घालत होते.

"मामा, ती तक्रार माझी आहे."

"मालूम हाय. बाबूनं वाचून दाखोली. अर्धी त्यालेबी नाही समजली."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? खरंच तर लिवलं तू. अनोळखी मानसाशी बोला लागते. लागतेच इथं." त्यांनी पॅडलमधून पॅडल ओढून पाहिलं, घट्ट बसलंय का. "सही करून टाक पोरी. बाबू हिंडून हिंडून वाळून राह्यला."

मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. आत जाऊन उभी राहिले, आणि मग आवाज निघाला. "सर, माझं समाधान झालेलं नाही."

"का? पट्ट्या मारल्या की."

"मामांना काढू नका."

"पण अर्ज तुम्हीच त्यांच्या पद्धतीविरुद्ध दिलाय ना?"

"हो सर."

"आणि आता त्यांच्या बाजूने बोलताय?"

"हो सर. मी तक्रार मागे घेते."

प्राचार्य खरोखर व्याकूळ झाले. "असं करू नका हो. आपल्याकडे एवढी एकच आहे. ती मागे घेतली तर फाईल रिकामी. ठेवली आणि तुम्ही सही केली नाही, तर न सुटलेली. मी काय दाखवू?" त्यांचा आवाज इतका केविलवाणा झाला की मला त्यांना पाणी द्यावंसं वाटलं. मोठे बाबू कोपऱ्यात विचार करत होते. ते म्हणाले, "सर, असं लिहू का, 'तक्रारदार समाधानाच्या मार्गावर आहे'? त्याले सही नाही लागत." प्राचार्यांचा चेहरा उजळला. मी तिथेच उभी असताना मी समाधानाच्या मार्गावर असल्याची नोंद झाली. मामांचं काम बंद करायचं मात्र ठरलेलं तसंच राहिलं.

समिती आली. त्यांची गाडी पांढऱ्या पट्ट्यांमध्ये बरोबर मावली. जाताना ती एका झटक्यात निघाली. कुणाला हाक मारावी लागली नाही. वाहनतळाच्या शिस्तीचं त्यांनी खास कौतुक केलं, असं नंतर कळलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मामांनी कुणाला गावाच्या नावाने हाक मारली नाही, कुणाला मागे-पुढे घ्यायला सांगितलं नाही. एकेक गाडी घेऊन एकेका खान्यात ठेवली. सगळ्यांची तोंडं एका बाजूला, सगळ्यांमध्ये सारखं अंतर. हँडल लॉक करायलाही सांगितलं नाही. मी थांबून पाहत होते.

"मले जमत नव्हतं असं नाही," ते म्हणाले. "पाह्य, कशी दिसते."

सुंदर दिसत होतं. दुकानात मांडल्यासारखं.

दुपारी सुट्टी झाली. पोरं आली, चावी लावली, निघाली. जलंबला कुणी शोधलं नाही. तो कधी गेला तेही समजलं नाही. वैभव माझ्याकडे पाहून नुसता हात करून गेला, कारण थांबायला काही कारण नव्हतं. रुखसारने सवयीने वर पाहून तोंड उघडलं, मग मिटलं आणि किक मारली. पाच मिनिटांत सगळं स्टँड रिकामं झालं. राहिली माझी पांढरी स्कूटी, तिच्यापुढे फाटकापर्यंत मोकळी जमीन, आणि पिशवीत टोपी आणि पाण्याची बाटली भरणारे मामा.

"जाय ना बदली. आता काऊन थांबली?"

"वाट पाहतेय."

"कोनाची?"

मी नावं घ्यायला लागले. अमडापूर, वडनेर भोलजी, जलंब. मामा पिशवी खांद्याला लावून मान डोलवत ऐकत राहिले, जसे काही ते आता येतीलच.