पेपरातली लेक

काल अमरावतीच्या घरी कपाट आवरताना जुन्या पेपरांचा कुबट वास आला आणि अकोल्याची ती सकाळ आठवली. बाबांची तेरवी आटोपून पाहुणे नुकतेच गेले होते. त्या गर्दीत सगळ्यांचं करताना आई एकदाही रडली नव्हती.

पेपरात देशाच्या मोठ्या नेत्याच्या अंत्ययात्रेचे फोटो होते. तोफगाडा, फुलांचे ढीग, माणसांच्या लांबच लांब रांगा. आईचं बोट चितेजवळ ताठ उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीवर थांबलं.

"एवढ्या लोकाईत रडाले कुठं भेटलं असन तिले," ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून हुंदके देऊ लागली.

मला वाटलं, आई त्या नेत्यासाठीच रडतेय. शाळेत मी तसंच सांगितलं. बाई घरी येऊन आईचं कौतुक करून गेल्या. आईनं नुसती मान हलवली.