पोत्याखालची वांगी

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाजाराची पिशवी माझ्या हाती आली आणि तीन महिन्यांत ती शेजारच्या कंडक्टरच्या हाती गेली. कारण वांगी. मी आणलेलं वांगं चिरावं तर आत नुसतं बी. एकदा बायकोनं सगळी वांगी मला दाखवून गाईपुढं टाकली आणि पुढच्या बाजारी कुंपणावरून पिशवी त्याच्याकडं दिली. मी समोरच खुर्चीत बसलो होतो.

कंडक्टर माझ्याच वयाचा, एसटीतून निवृत्त झालेला, घरात एकटा. शिक्षण माझ्यापेक्षा कमी, बोलणं माझ्यापेक्षा कमी. पण त्यानं आणलेली पिशवी ओट्यावर रिकामी झाली की बायकोचा चेहरा खुलायचा. काटेरी, हलकी, हिरवट पांढरी वांगी. त्यांत ती शेंगदाण्याचा कूट, तीळ आणि काळा मसाला भरायची. भाजी झाली की पहिली वाटी कुंपणापलीकडं जायची, मग माझं ताट. मी तीन भाकरी खायचो आणि प्रत्येक घासाला जळायचो. भाजी वाईट असती तर बरं झालं असतं.

शेवटी एका बाजारी मी त्याच्या मागोमाग गेलो. बोरी गावचा आठवडी बाजार भरात होता, मेथीच्या जुड्या आणि तुरीच्या शेंगांचे ढीग लागले होते. मला वाटलं होतं, हा वांगी दाबून बघत असेल, देठ तपासत असेल. त्यानं काहीच केलं नाही. एका म्हातारीपाशी उकिडवा बसला, तिच्या गुडघ्याची चौकशी केली. समोरच्या ढिगाला तिनं हातसुद्धा लावला नाही. पोत्याखालून वेगळी वांगी काढली आणि त्याच्या पिशवीत ओतली. वर्षानुवर्षं तिच्या भाजीच्या पाट्या यानं एसटीवर चढवून दिल्या होत्या, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिची दोन्ही पोरं माझ्या हाताखाली शिकली होती. धाकट्याला मी पाढ्यांसाठी बडवलं होतं, तेही तिला माहीत असणार. तिच्याकडं माझ्या वाट्याला कायम वरचा ढीग का यायचा, ते त्या दिवशी कळलं आणि पोटात जास्तच दुखायला लागलं.

पुढच्या आठवड्यात बायको आंघोळीला गेल्याचं बघून मी खुंटीवरची पिशवी उचलली आणि सगळ्यांच्या आधी बाजार गाठला. म्हातारीसमोर उभा राहून म्हणालो, जरा चांगली बघून द्या. गुडघ्याचं विचारायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं नाही.

तिनं पोतं उचललं. खाली दोन वाटे होते.

"ह्यो तुमचा, गुरुजी. कंडक्टरसायेब मागच्या बाजारीच सांगून गेलेत. म्हणले, गुरुजी माझ्या मागं हिंडायलेत, विचारायचं त्यायला जमंना. त्यायला बी चांगली देत जा."

मी ती वांगी तिथंच टाकून यायला हवी होती. आणली.

बायकोनं एक चिरलं, दुसरं चिरलं. बी नव्हतं. "आज जमलं बघा तुमाला," ती म्हणाली. या वाक्यासाठी मी कित्येक महिने झुरलो होतो. बघून घ्यावी लागतात, असं मी तिला सांगितलं. तिनं भाजी केली, पहिली वाटी भरली आणि आज तुमीच नेऊन द्या म्हणाली.

कंडक्टरनं आतून भाकरी आणली, दारातच उभं राहून तुकडा मोडला, एक वांगं खाल्लं, बोटं चाटली.

"गुरुजी, लय चांगली निवडलीत तुमी."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो मला जरासा जरी हसला असता, तरी घरी जाऊन पोटभर जेवता आलं असतं.