मेन बंद आहे का?

पुंजारामअण्णांची आणि माझी पहिली ओळख विजेच्या खांबावर झाली. मी चौथीत होतो. तारेत अडकलेल्या पतंगासाठी निम्मा खांब चढलो होतो. (येवल्याच्या मामांनी दिलेली आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची लाकडी चक्री, खाली ठेवली होती. ती त्या गडबडीत कोणी लांबवली ते मला आजही कळलेलं नाही. असो.) अण्णा सायकलवरून उतरले आणि शांतपणे म्हणाले, "आधी खाली ये, मग मारतो." मी उतरलो. त्यांनी मारलं नाही.

सातपूरच्या आमच्या गल्लीत अण्णांनी उभी हयात लाइनमन म्हणून काढली. त्यांची एक रीत होती. तारेला हात लावण्याआधी ते घरोघर जाऊन विचारत, "जनरेटर आहे का? मेन बंद आहे का?" लोक हसत. "आले अण्णा जनगणनेला." अण्णाही हसत, पण एकही दार चुकवत नसत.

समुद्र इथून इतका लांब, की वादळ आम्ही टीव्हीतच बघायचो. चार वर्षांपूर्वी एका दुपारी ते खरंच आलं. कारखान्यांचे पत्रे कागदासारखे उडाले. ज्या चिंचांखाली शाळा बुडवून मी वाढलो, त्या मुळासकट तारांवर आडव्या झाल्या. मी बरीच गावं हिंडलो, पण मला आपलं गाव हेच. ते दोन तासांत ओळखू येईना.

तीन दिवस वीज नव्हती. मोटार चालेना म्हणून पाणीही नव्हतं. अण्णा खांबामागून खांब उभे करत होते आणि गल्ली त्यांना ऐकवत होती. "पलीकडं लाइट आली, आमचंच काय पाप हाय?" "पगार कशाचा घेता ओ अण्णा?"

मी तेव्हा एका मंडपवाल्याकडे होतो. त्याचा जनरेटर घरी आणला आणि दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर घेऊन सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसली. मोटार सुरू झाली. सगळी गल्ली हंडे घेऊन आमच्या दारात आली. अशा वेळी घराचा मेन स्विच बंद ठेवावा लागतो, नाहीतर करंट उलटा खांबावर जातो. हे मला अण्णांनीच शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल संपून जनरेटर बंद पडला होता, तेव्हा अण्णा दारात आले. "मेन बंद आहे का रे?"

मी खाटेवरून उठलोही नाही. म्हणालो, "बंद आहे, अण्णा."

ते गेले. हंडेवाल्यांनी घाई केली, मी पेट्रोल भरलं आणि दोरी ओढली. कोपऱ्यावर खांबाखालीही घाईच चालली होती. अण्णा नेहमी तारांवर अर्थिंगची साखळी टाकत, म्हणजे चुकून आलेला करंट जमिनीत जातो. त्या दिवशी माझ्या शब्दावर विसंबून तसेच चढले.

आमचा मेन चालूच होता. ते खांबावरून पडले. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

चौकशीला साहेब आले, तेव्हा अण्णा म्हणाले, "साखळी टाकली नाही. चूक माझी." त्यांच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला आणि तो घेऊनच ते निवृत्त झाले. आमच्या दारात हंडे घेऊन उभे असलेले सगळे तेव्हा जमिनीकडे बघत होते. त्यांतले बरेच जण आज अण्णांच्या साठीच्या या गौरव समितीत आहेत. माझ्याकडे त्यांनी 'प्रेरणादायी आठवण' मागितली. ती ही. छापायची तर पूर्ण छापा.

दवाखान्यात मी अण्णांना म्हणालो होतो, "मी साहेबांना सांगतो." ते म्हणाले, "तुझ्या आईला एकच पोरगा हाय. गप बस." मी गप्प बसलो, गाव सोडलं, सटाण्याला कांद्याच्या खळ्यावर राहिलो, आणखी कुठे कुठे राहिलो. परत आलो तेव्हा अण्णांच्या घरी काकूंनी ताट वाढलं. अण्णा डाव्या हाताने जेवत होते. "बस," म्हणाले, "कढी गरम आहे."

शेरा चुकीचा आहे. हे त्या साहेबांना मी लेखी कळवलं आहे. अण्णा रागावतील.

अण्णा, तुम्हाला साठ वर्षं झाली. अजून तेवढंच आयुष्य मिळो आणि तब्येत ठणठणीत राहो. गल्लीतली लाइट गेली की तुम्ही अजूनही फाटकाशी येऊन विचारता, "मेन बंद आहे का रे?" विचारत राहा. मी आधी उठून बघून येईन, मग उत्तर देईन.