कांगारूचा शेवट

रविवार पुरवणीचं पान लागलं होतं. खुनी कोण, ते दुसऱ्या दिवशी वाचकांना कळणार होतं. तेवढ्यात डेस्कवरचा फोन वाजला.

"ते अमेरिकन कादंबरी मराठीत तुमीच करून राह्यले ना?" पलीकडे म्हातारा आवाज. "शेवट जठारपेठेतल्या रहीमकडून आणला काय?"

"हो. पुस्तकच त्यांच्याकडून आणलं."

"मंग थांबा. तो शेवट त्या पुस्तकाचा नाही. मलेही त्यानं तोच देल्ला होता."

बोलत होते उत्तमराव, अकोल्याजवळच्या एका गावचे शेतकरी. तरुणपणी बाजाराच्या दिवशी अकोल्याला यायचे आणि रहीमचाचांच्या लायब्ररीतून इंग्रजी पुस्तकं न्यायचे.

ती लायब्ररी एका अटीवर चालायची. रहस्यकथा आली की रहीमचाचा तिचं शेवटचं प्रकरण ब्लेडनं कापून पाकिटात ठेवत. त्याला ते शेपूट म्हणत. गिऱ्हाईक बिनशेपटाचं पुस्तक घरी नेई, परत आणून देई, मग काउंटरसमोरच्या बाकावर बसून शेपूट वाची. त्यामुळे पुस्तकं वेळेवर परत यायची. बाकावर चारपाच जण आपापला खुनी शोधत बसलेले असायचे. वाचून झालेल्यानं तोंड उघडायचं नाही, हा नियम होता. काही जण नुसतं हसून निघून जात आणि बाकीच्यांचा जीव टांगणीला लावत.

मी अमरावतीच्या एका दैनिकात पुरवणीचं काम पाहतो. गेल्या वर्षी चाचांच्या माळ्यावर जुन्या स्वस्त अमेरिकन रहस्यकथांचा एक गठ्ठा सापडला. लेखक कोणाला माहीत नाहीत, पुस्तकं पुन्हा छापली गेलेली नाहीत. शेवट एकेक विलक्षण. एकीत मेलेला माणूसच वेषांतर करून स्वतःच्या खुनाचा तपास करतो. दुसरीत खुनी निघतो भूकंप. हक्क केव्हाच संपलेले होते. त्यातली एक मी मराठीत आणली. तिचं नावाचं पान फाटलेलं होतं, म्हणून नाव मी दिलं.

कथा अशी. धान्याचा एक व्यापारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत मरून पडलेला. जबडा मोडलेला. दाराला आतून कडी. खिडकी उघडी, पण माणूस चढू शकणार नाही इतकी उंच. संशय पुतण्यावर, डॉक्टरवर आणि सेक्रेटरीवर. शेवटचं प्रकरण म्हणजे सर्कशीच्या मॅनेजरचा जबाब. त्याचा मुष्टियुद्ध खेळणारा कांगारू हातमोज्यांसकट पळाला, कठड्यावरून उडी मारून एका खिडकीतून आत गेला, आत दिसलेल्या गृहस्थाला एक ठोसा दिला आणि परत आला. आधीच्या सगळ्या प्रकरणांत कांगारू नाही. जबाबात व्यापाऱ्याचं, गावाचं, डिटेक्टिव्हचं, कोणाचंच नाव नाही.

पृष्ठांक जुळत होते. पण त्या मालिकेतली सगळी पुस्तकं सारख्याच पानांची होती. एकाचं शेपूट दुसऱ्याला लागणं अशक्य नव्हतं.

संपादक वानखडे साहेबांना सांगितलं.

"पुतण्याला खुनी कर आणि मोकळा हो."

"साहेब, आपण अनुवाद म्हणून छापतोय."

"मग खात्री कर. पान सोडेपर्यंत एक तर कांगारू खरा, नाहीतर पुतण्या."

पुस्तक आणि शेपटाचं पाकीट पिशवीत टाकून मी अकोल्याची बस धरली.

जठारपेठेत आता लायब्ररीच्या जागी झेरॉक्स आणि स्टेशनरी आहे. बाक मात्र आहे. रहीमचाचा त्यावरच बसले होते. मी फोनचं सांगितलं. त्यांनी पुस्तकाचं काही विचारलं नाही.

"उत्तमराव? जिता हाये? माझं नाव घेतलं त्यानं?"

"रहीम म्हणाले."

"नुसतं रहीम?"

"नुसतं रहीम."

त्यांनी सरकून मला बाकावर जागा करून दिली. म्हणाले, "भाऊ, ईदले त्याच्यासाठी शीरखुर्मा वेगळा काढून ठेवत होती माही बायको. दिवाळीले त्याचा चिवडा यायचा. हे कांगारूवालं शेपूट वाचलं अन् भर बाकावर ओरडला, 'रहीम, तुह्या पाकिटाइचा भरवसा नाही!' पुन्हा आला नाही. दुसरे लोकबी पाकीट उलटून-पालटून पाहायले लागले. माही लायब्ररी म्हंजे काय? त्या पाकिटावरचा भरवसा. दुसरं काय होतं माह्याजवळ?"

"तुम्ही ते प्रकरण वाचलं होतं?"

"मले कुठं इंग्रजी येते? आकडे पाहून कापत होतो." मग खाली पाहत म्हणाले, "कधी कधी मलेच वाटते, चुकलं असन माह्या हातून."

बाकावर बसूनच मी मोबाइल काढला. पुस्तकाचं नाव माहीत नव्हतं, म्हणून मधल्या एका प्रकरणातलं एक लांब वाक्य जसंच्या तसं टाइप करून शोधलं. दोनदा काही आलं नाही. तिसरं वाक्य टाकलं, तेव्हा अमेरिकेतल्या एका ग्रंथालयानं स्कॅन करून ठेवलेली पूर्ण प्रत उघडली. कोणी न कापलेली. मी थेट शेवटी गेलो.

"काय हाये?" चाचांनी विचारलं.

"सर्कशीचा मॅनेजर आहे."

"अन् कांगारू?"

"कांगारूही आहे."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. अक्षरं वाचता येत नव्हती. तरी आपलं शेपूट पाकिटातून काढून शेजारी धरलं आणि ओळींवरून बोट फिरवत दोन्ही पानं शेवटपर्यंत ताडून पाहिली. मग चहा मागवला.

मी वानखडे साहेबांना फोन केला.

"कांगारू खरा."

"हे मोबाइलवर इथंच झालं असतं ना? अकोल्याला कशाला गेला?"

"पान सोडा, साहेब."

 पान गेलं. प्रकरणाखाली एक चौकट टाकायला लावली: हा शेवट मूळ पुस्तकाचाच आहे, छापील प्रतीशी ताडून पाहिला आहे.

रविवारी दिवसभर फोन आले. वाचक संतापले होते. वर्गणी बंद करण्याची धमकी एका वकिलानं दिली. एका शिक्षिकेनं पुतण्याविरुद्धचे पुरावे सविस्तर लिहून पाठवले. ते खरोखरच चांगले होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी उत्तमराव नातवाच्या गाडीवर बसून जठारपेठेत गेले. हे मला चाचांनी फोनवर सांगितलं. बाकावर बसले, पेपरचं पान मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "शेपूट बरोबर होतं तुहं."

"मंग?"

"मंग काय? इतका भिकार शेवट कोणी लिहिते काय बे?"

"मले काहून विचारतं? म्या फक्त कापला."

दोघं दुपारपर्यंत बसले होते म्हणे.

डेस्कवर नव्यानं आलेल्यांना मी एवढंच सांगतो. शेवट पटला नाही म्हणजे तो चुकीचा ठरत नाही. बदलण्याआधी दुसरी प्रत पाहावी.