कोवळ्या लाकडाची भट्टी

"रेंजरसाहेब, पुढच्या सालचा कूप आत्ताच खोला," वीटभट्टीवाले शेलार म्हणाले. "पिंपरीला कारखान्यांच्या भिंती चढायला लागल्यात. इटा पुरत न्हाईत अन् भट्टीला लाकूड न्हाई."

पन्नासच्या दशकात मी चाकणच्या बाजूला वनखात्यात रेंजर होतो. कूप म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा. दरवर्षी एकच तोडायचा. शेवटच्याची पाळी येईपर्यंत पहिल्यातल्या खुंटांना फुटवे येऊन पुन्हा जंगल उभं राहतं.

मी नाही म्हटलं. शेलारांनी खिडकीतून टेकडी दाखवली. "त्यो जुना कूप बघा. हिरवागार झालाय की! त्योच द्या मग."

टेकडी हिरवी होती हे खरं, पण ती तोडून पाळीची निम्मीच वर्षं झाली होती. इतक्या लवकर तोडलेलं लाकूड भट्टी पेलतं का, हे मी कधी पाहिलं नव्हतं. आता बघावंसं वाटू लागलं.

पुण्याच्या साहेबांना विचारलं. कारखान्यांचं काम अडता कामा नये, असा त्यांच्यावर वरून दबाव होता. "एका कोपऱ्याची ट्रायल घ्या," ते म्हणाले. "भट्टी नीट झाली तर पाळी निम्म्यावर आणू."

म्हणजे सगळंच जंगल निम्म्या वयात तुटणार होतं. मी धास्तावलो.

शेलारांबरोबर टेकडी चढलो. फुटवे दाट होते, पण एकही मनगटाएवढा जाड नव्हता. तरी कोपरा तोडला, भट्टी पेटवली. लाकूड कडब्यासारखं भुर्रकन जळालं. शेलार मोळ्यांवर मोळ्या टाकत राहिले.

"कोपरा संपला साहेब. आजून द्या."

"ट्रायल कोपऱ्याचीच होती."

भट्टी निवल्यावर त्यांनी मधल्या दोन विटा एकमेकींवर आपटल्या. पक्की वीट खणखणते. ह्यांचा आवाज बद्द आला. एक तर मोडलीच. आत नुसती माती.

शेलार तिथंच बसले. "पाळी निम्मी केली तर दर साली असलंच मिळंल?"

"असलंच. आणि लागेल जास्त."

थोड्या वेळाने ते उठले. चिंचवड स्टेशनवर दगडी कोळशाची वॅगन मागवली. महाग पडतो म्हणून कुरकुरले, पण पुन्हा कूप मागायला आले नाहीत.

साहेबांनी पाळी होती तशीच ठेवली. रिपोर्टात मी लिहिलं, 'जंगल जेवढं वाढतं, तेवढंच मागावं. जास्त मागितलं तर ते नाही म्हणत नाही, कोवळं देतं.'

साहेबांनी ते खोडलं. "एवढं कोण वाचणार? 'लाकूड अपक्व' लिहा."

तसं लिहिलं.