फाटकापाशी बसणारी मावशी

दहिवलीच्या आमच्या शाळेच्या फाटकापाशी एक मावशी चिप्सच्या माळा टांगून बसायची. कुणाचं पोर पडलं तर आधी तीच धावायची, पदराने गुडघा पुसायची. मुलं लठ्ठ होतायत म्हणून शाळेजवळ असला खाऊ बंद, असा नियम आला आणि तो सांगायला शिक्षकांपैकी मीच गेले. ती भांडली नाही. तिने माळा उतरवल्या. आठवड्याने उकडलेल्या शेंगा आणि काकड्या घेऊन ती परत आली.

"खपतं का?" मी विचारलं.

"कमी खपतं, बाई. पन आता माज्या नातीलाबी यातलंच देते. आदी तिला इथलं कायबी खाऊ देत नव्हते."

हे सांगताना तिने मान वर केली नाही. मीही इतकी वर्षं त्या माळा बघत रोज तिथूनच जात होते, तिला कधी हटकलं नव्हतं. मी तिच्या शेजारी टेकले आणि शेंगा सोलू लागले.