कानामागची विडी

लढाई संपल्यावर फौजेतून परतलेल्या त्या माणसाला विट्यात सारे हवालदारच म्हणत. मी टपाल कचेरीतला कारकून. सांगलीच्या एकाच डॉक्टरने आम्हा दोघांना विडी सोडायला सांगितली होती. मला खोकल्यासाठी, त्याला जगायचं असेल तर.

रोज सकाळी तो कचेरीच्या पायरीशी ताठ उभा असे. "हात!" म्हणे. माझी बोटं हुंगे, मग आपली बोटं माझ्या नाकापुढे धरी. वास नसला, की "आजचा दिस निभावला" एवढंच बोले. कानामागे मात्र एक विडी कायम खोचलेली. "एकट्यानं जमत न्हाई, मास्तर. तुमी वढली, की मी बी वढणार," हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

चार महिने निभावले. मग एका सकाळी घरून निघताना माझ्याच्याने राहवलं नाही. नंतर बोटांना राख घासली, लिंबू चोळलं आणि कचेरी गाठली.

त्याने बोटं हुंगली. पुन्हा हुंगली.

"लिंबू कशापायी चोळलं, मास्तर?"

मी हात मागे घेतला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने सावकाश कानामागची विडी काढली आणि ओठांत धरली.

"इस्तू हाय का?"

आमच्याकडे विस्तवाला कुणी कुणाला नाही म्हणत नाही.

"नाही," मी म्हणालो.

विडी तशीच ओठांत धरून तो माझ्याकडे बघत राहिला. खिशातली काडेपेटी खुळखुळू नये म्हणून मी श्वास रोखून उभा होतो.